खारीला एक छेद, बदकाला दोन

हंबीररावांना भेटायचं तर कॉलेजच्या मागच्या अंगाने जावं लागे. पुढे खांबांचा व्हरांडा, घंटा, प्राचार्यांची खोली असा सगळा थाट. मागे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली, दाराशी मोरी आणि मोरीशेजारी जांभळाचं झाड. खोलीत कापूर, फिनेल आणि ओल्या पिसांचा असा काही वास भरलेला असे की नवा विद्यार्थी उंबऱ्यातच नाक धरायचा. वर्षभराने तोच विद्यार्थी तिथे बसून डबा खायचा, कारण अख्ख्या कॉलेजात त्याला नावाने ओळखणारा तेवढाच एक माणूस होता.

हजेरीपटावर त्यांचा हुद्दा अटेंडर. काम मात्र मेलेल्या पशुपक्ष्यांची कातडी सोडवून, त्यांत कापूस-पेंढा भरून ते पुन्हा जिवंत दिसतील असे उभे करण्याचं. वडिलांनीही हेच केलं, एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली. त्यांच्या आधीचे पूर्वज म्हणे शहाजीराजांच्या फौजेतून घोड्यावर बसून बंगळुरात आले. बंगळुरातलं प्रत्येक जुनं मराठा घर हेच सांगतं, आणि सगळ्यांचं खरं मानलं तर त्या फौजेत पायी चालणारा एकही माणूस नव्हता असं म्हणावं लागेल. हंबीरराव स्वतः यातलं काही सांगत नसत. त्यांच्या सांगण्याचे विषय दोनच, खार आणि बदक.

दर वर्षी पाऊस ओसरला की हा धडा असे. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक भीमाचार्य गाढे विद्वान, पण सोवळ्यातले. आयुष्यभर त्यांनी प्राण्यांवर व्याख्यानं दिली आणि मेलेल्या प्राण्याला वेताच्या छडीच्या टोकापलीकडे कधी शिवले नाहीत. "हंबीर, तू दाखव," म्हणून ते खिडकीशी जाऊन उभे राहत आणि जांभळाकडे बघत बसत. मग टेबलावर एक खार यायची, लालबागेतल्या झाडावरून पडलेली नाहीतर मांजराच्या तोंडून सोडवलेली. शेजारी एक रानबदक, सर्जापूरच्या रस्त्याला जी तळी लागतात तिथून कुणा शिकाऱ्याने आणून दिलेलं. एक केसांची, एक पिसांचं. दोन्ही फुकट मिळत, धड्यात त्यांची जोडी जमली ती मुळात एवढ्याचसाठी.

"खार हाताळायला सोपी," हंबीरराव सुरुवात करत. ते कानडीत बोलत, पण वाक्यं इतकी घोटलेली की घरी मराठीत सांगताना त्यांत एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. "पोटावर एक छेद घ्या, पायमोजा काढावा तसं कातडं डोक्यावरून उलटं निघून येतं. सांभाळायची ती शेपटी. घाई केलीत तर शेपटी हातात येईल आणि खारीचा उंदीर होईल. बदकाचं तसं नाही. त्याची मान बारीक, डोकं मोठं. एका छेदात कातडं डोक्यावरून उतरत नाही. म्हणून दुसरा छेद मानेच्या मागे, पिसांच्या आड, बघणाऱ्याला दिसणार नाही असा. खारीला एक छेद, बदकाला दोन."

मग रंग. खारीचा रंग केसांत असतो, पन्नास वर्षं राहतो. पाठीवरचे पट्टे होते तसेच. या बदकाचा खरा रंग चोचीत. काळी चोच, टोकाला हळद लावल्यासारखी पिवळी आणि मुळाशी कुंकवासारखे दोन लाल ठिपके. म्हणून मराठीत त्याचं नाव हळदीकुंकू बदक. मेल्यावर काही तासांत ती हळदही फिकट होते आणि ते कुंकूही. तेव्हा बदक हाती आलं की आधी रंग लिहून घ्यायचा, मागाहून आठवून लावू असं म्हणायचं नाही, हे ते बजावून सांगत.

आणि शेवटी, टेबल पुसता पुसता, जिवंतपणीचा फरक. "खारीची पिल्लं जन्मतात ती उघडी, आंधळी, बोटाच्या पेराएवढी. आई त्यांना काथ्याकापसात ठेवते, चाटते, पाजते, घरटं मोडलं तर तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते. बदकाचं पिल्लू अंड्यातून निघालं, अंग वाळलं, की पाण्यात. आई त्याला घास भरवत नाही. एकदाही नाही. ती नुसती पुढे पोहते आणि वर घारीवर डोळा ठेवते. घार खाली आलीच तर पहिली आडवी जाते तीच. तेव्हा परीक्षेत असं लिहू नका, की खारीला माया असते आणि बदकाला नसते."

हे शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हतं. भीमाचार्य ते ऐकून घसा साफ करत, पण कधी अडवत नसत. मुलं वहीत उतरवून घेत. त्या वाक्यापाशी या माणसाचं सगळं आयुष्य येऊन अडलं होतं, हे मुलांना कुठून कळावं? घरच्यांनाही कळलं नव्हतं.

कारण होतं त्यांच्या हातांत. कातडं सोडवलं की त्याला आतून सोमलाचा साबण चोपडावा लागे. सोमल म्हणजे विषच. तो नसेल तर महिन्याभरात किडे सगळं खाऊन टाकतात. हंबीरराव तो बोटांनी चोळत. रबरी हातमोजे त्यांनी घालून पाहिले होते, पण पाखराची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ असते, बोटाला ती कळावी लागते. मोजे घातले की ती फाटे. म्हणून काम उघड्या हातांनीच, आणि मग मोरीवर शिकेकाई, राख, लिंबू, पुन्हा शिकेकाई. विद्यार्थी त्यांना अण्णा म्हणत, आणि हसत. अण्णांचं सोवळं भीमाचार्यांच्या वरताण आहे, म्हणत.

दुसरं महायुद्ध संपलं त्या सालच्या थंडीत हे सोवळं नव्हतं. तेव्हा गवीपूरच्या बाजूला, बसवनगुडी जिथे संपते तिथल्या गल्लीतल्या घरात त्यांचा पहिला मुलगा परसू आठ महिन्यांचा झाला होता. एका संध्याकाळी हंबीरराव कॉलेजातून आले, घाईने हात धुतले आणि बायकोच्या, मालनबाईंच्या मांडीवरून पोराला उचलून घेतलं. ताटलीत मऊ दूधभात होता. तो त्यांनी बोटाच्या टोकाने भरवला, चार-पाच वेळा. परसूने बोट चोखलं आणि सोडेच ना. तो हसला आणि बोट हिरड्यांत धरून बसला, तेव्हा दोघं नवराबायको खूप हसली.

चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. मग जुलाब, मग अंगावर लाल पुरळ. मालनबाई म्हणाल्या, गोवर आहे. गल्लीतल्या बायकाही तेच म्हणाल्या, दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले. त्या महिन्यात गल्लीतली आणखी दोन मुलं गेली. परसू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी हंबीरराव कामावर गेले, आणि साबणाचा डबा उघडताना त्यांना आपल्या नखाच्या कडेला पांढरी रेघ दिसली. त्यांनी डब्यावरची सूचना अक्षर लावत लावत वाचली. विष. पोटात गेल्यास ओकारी, जुलाब, अंगावर पुरळ. ते तसेच मोरीवर गेले आणि हात धूत राहिले, जांभळाखाली, दुपारची घंटा होईपर्यंत.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मालनबाईंना सांगायचं तरी काय? तुझं पोर मी माझ्या हाताने भरवून मारलं, असं? नोकरी सोडावी असंही मनात आलं, पण दुसरं काही येत नव्हतं, आणि येत असतं तरी हात तेच राहणार होते. दोन वर्षांनी मुलगी झाली, अहल्या. बारशाच्या दिवशी मालनबाईंनी तिला पुढे केलं तेव्हा हंबीररावांनी हात मागे नेले आणि म्हणाले, "असू दे तुझ्यापाशी. मी बघतो की इथूनच."

आणि ते बघत राहिले. पोरीला त्यांनी भरवलं नाही, तिचं तोंड पुसलं नाही, तिच्या गालाला हात लावला नाही. कडेवर घ्यावंच लागलं तर धोतराच्या सोग्यात हात गुंडाळून. ती चालू लागली तेव्हा मालनबाई वैतागून म्हणत, "अहो, हात धरा की तिचा. रस्त्यात बस येते, बैलगाडी येते." मग हंबीररावांनी युक्ती काढली. ते आपली छत्री आडवी धरत, टोक स्वतःच्या हातात आणि वाकडी मूठ अहल्येच्या हातात. बाप पुढे, मधे छत्री, मागे लेक, अशी वरात दर रविवारी निघे. लोकांना मोठी मौज वाटे. दुकानदार हाक मारून म्हणत, "काय अण्णा, आज कुठलं जनावर धरून आणलंत?" अहल्या लहान होती तोवर तीही हसायची.

का असं करतो हा माणूस, याचे गल्लीने आपापले अर्थ लावले. मालनबाई म्हणत, परसू गेल्यापासून त्यांनी जीव लावायची धास्ती घेतलीय. शेजारणी म्हणत, मुलगा गेला आणि मुलगी झाली, मनाला लागलं असेल. अहल्येच्या कानावर दोन्ही आलं. तिला दुसरं खरं वाटलं. मुलांना नेहमी तेच खरं वाटतं जे जास्त दुखतं.

रविवारची ती वरात जायची केंपांबुधीच्या तळ्यावर. एके वर्षी तिथे हळदीकुंकवाची जोडी राहिली होती, आणि मादीमागे नऊ पिल्लं. बापलेक बांधावर बसून बघत. घास भरवत नाही ती आई, बघ, हंबीरराव सांगत. नुसती पुढे पोहते. सहा वर्षांची अहल्या बघायची आणि पिल्लं मोजायची. एकदा ऊन कलल्यावर मादी पिल्लांना घेऊन काठाच्या गवतात चढली, पंख जरा सैल करून बसली, आणि एकेक करत नऊच्या नऊ पिल्लं नाहीशी झाली.

"अप्पा, कुठे गेली?"

"तिच्या अंगाखाली. थंडी वाजते त्यांना."

अहल्येने मान डोलावली. घरी परतताना तिने छत्रीची मूठ सोडून दोनदा बापाचा हात धरायला पाहिलं. दोन्हीदा हंबीररावांनी मूठ तिच्या हातात परत दिली.

ती अकरा वर्षांची असताना मालनबाई तापाने निजल्या होत्या, म्हणून डबा घेऊन अहल्या कॉलेजात आली. आत धडा चालू होता. ती दाराशी उभी राहून सगळा ऐकत होती. खारीची आई, बदकाची आई, आणि परीक्षेत असं लिहू नका. हंबीररावांनी तिला पाहिलं होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी ते मुलांना शिकवतच नव्हते, तिलाच सांगत होते. त्यांना वाटलं, पोर शहाणी आहे, समजेल. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते असं आडून तरी पोचेल. आशेला माणूस किती वेडा असतो. रात्री जेवताना तिने विचारलं, "अप्पा, बदकाची पिल्लं रात्री कुठे असतात?"

"काठाला असतात."

"काठाला कुणापाशी?"

हंबीररावांचा घास तसाच राहिला. एवढी वर्षं धडा सांगताना त्यांनी ते एक गाळलं होतं, आणि आपण ते गाळतो हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते हात धुवायला उठले. त्या दिवसापासून अहल्या त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

सन पासष्टच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा कृष्णात, यशवंतपूरला एका कारखान्यात लेथवर काम करणारा, शांत स्वभावाचा. आपल्याकडच्या कन्यादानाला बंगळूरची मराठी माणसं कानडी शब्द वापरतात, धारे म्हणतात. खाली वराची ओंजळ, तिच्यावर वधूची, सगळ्यांत वर वधूच्या बापाची. आई वरून पाण्याची धार धरते, आणि ते पाणी बापाच्या हातांतून लेकीच्या हातांत, तिच्यातून जावयाच्या हातांत उतरतं. सगळ्या लग्नात अहल्येने वाट पाहिली असेल तर याची. कुणाला बोलली नाही. मालनबाईंना मात्र एकदा म्हणाली, "त्या वेळी तरी छत्री चालायची नाही, काय गं अव्वा?"

हंबीररावांच्या तळहातांवर तोवर चामखिळीसारखे कडक दाणे उठले होते, भेगा पडल्या होत्या, मधे मधे काळे डाग. लग्नाआधी आठ दिवस त्यांनी रजा घेतली आणि ते हात घासले, चिंचेने, राखेने, लिंबाने, काथ्याने, रक्त येईपर्यंत. ते करायचं ठरवलं होतं त्यांनी. मनापासून ठरवलं होतं. बोहल्यावर जाऊन बसलेसुद्धा. मग भटजी म्हणाले, ओंजळ करा, आणि त्यांनी ओंजळ केली, आणि एका भेगेत त्यांना पांढरं काहीतरी दिसलं. राख असेल. लिंबाची साल असेल. धार त्याच भेगेवरून लेकीच्या हातात उतरणार होती, आणि मुंडावळ्या सारताना, घाम पुसताना तिचे ते ओले हात तिच्याच तोंडाला लागणार होते.

"अण्णा, तू बस," ते थोरल्या भावाला, फत्तेसिंगला म्हणाले. "मला भोवळ येतेय."

फत्तेसिंग गोंधळून पुढे आला, त्याची बायको आली, आणि तिला जागा द्यायला मालनबाईंनाही हातातली झारी ठेवून उठावं लागलं. एकुलत्या एका लेकीची धार त्यांनी मांडवाच्या खांबाला टेकून बघितली. हंबीरराव मागच्या दाराने नळावर गेले. तिथून सनईचा आवाज येत होता. ते हात धूत होते.

निघताना अहल्या पाया पडायला वाकली आणि त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, एवढंच. उठून ती हळूच म्हणाली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "बदक रात्री पिल्लांना अंगाखाली घेतं, अप्पा. मी पाहिलंय. तुम्हीच दाखवलंत. मुलांना खोटं शिकवू नका."

त्यानंतर चार वर्षं ती माहेरी आली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. तिने सासरीच केलं, मालनबाई तिकडे जाऊन राहिल्या. मुलगा झाला. हंबीरराव कधी कधी रविवारी बसने यशवंतपूरला जात, बाजाराच्या कडेला धान्याच्या पोत्यांआड उभे राहत आणि तिच्या गल्लीच्या तोंडाकडे बघत. दोनदा ती दिसली, एकदा कडेवर पोर होतं. पोराने डोक्याला लाल टोपी घातली होती. परत येऊन त्यांनी मालनबाईंना एवढंच विचारलं, "त्याला लाल टोपी आहे काय?" मालनबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्या चूल फुंकायला वळल्या.

हंबीररावांच्या बोटांची संवेदना आधी शेंड्याकडून गेली. पहिल्यांदा मुंग्या येत, मग तेही बंद झालं. अडुसष्टच्या पावसाळ्यानंतरचा धडा सांगताना हंबीररावांनी नेहमीसारखी खार घेतली, पोटावर छेद दिला, शेपटीशी आले, आणि शेपटी तुटून त्यांच्या हातात आली. कातडं कुठे संपतं आणि हाड कुठे सुरू होतं हे बोटांना समजलंच नव्हतं. वर्गात कुणी हसलं नाही. भीमाचार्य तेव्हा निवृत्तीला आले होते. ते खिडकीपासून वळले, टेबलापाशी आले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने ती खार उचलून बाजूला ठेवली. "आज पुरे, हंबीर," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी उजव्या तळहातावर जखम झाली, ती भरेना. सरकारी दवाखान्यात दाखल केलं तेव्हा वॉर्डातला तरुण डॉक्टर त्यांच्या चिठ्ठीवरचं नाव वाचून थबकला. गुरुराज त्याचं नाव. बारा वर्षांपूर्वी त्याने त्या पत्र्याच्या खोलीत बसून रोज डबा खाल्लेला होता. त्याने हात उलटेसुलटे करून पाहिले, बोटांना टाचणी टोचली. हंबीररावांनी मान हलवली, काही नाही.

"सोमल, अण्णा," गुरुराज म्हणाला. "तीस वर्षांचा साठलाय. दोन बोटं काढावी लागतील, जखम वाईट आहे. पण बोटांची संवेदना परत यायची नाही, ते आधीच सांगतो. घरी आणखी कुणाला काही त्रास?"

आणि त्या प्रश्नाला, चोवीस वर्षांनी, हंबीररावांनी उत्तर दिलं. परसूला भरवलेला दूधभात, नखाची पांढरी रेघ, डब्यावरची सूचना, सगळं. खाटेच्या कडेला बसून, वर न बघता. गुरुराजने एकेक विचारायला घेतलं.

"त्याला ताप होता?"

"होता."

"डोळे लाल होते? खोकत होता?"

"होय. डोळे उघडत नव्हता उजेडात."

"अण्णा, धुतलेल्या हाताला राहिलेल्या कणाने असं होत नाही. चार दिवसांनी ताप येऊन डोळे लाल तर होतच नाहीत. तो गोवर. गल्लीत आणखी कुणाला झाला होता?"

"आणखी दोन मुलं गेली त्या महिन्यात."

"मग त्यांना कोण भरवायला गेलं होतं?" गुरुराजने विचारलं.

प्रश्न साधा होता. चोवीस वर्षांत तो हंबीररावांनी स्वतःला विचारला नव्हता. लोकांना वाटेल, डोक्यावरचं ओझं उतरलं असेल. तसं काही झालं नाही. ओझं होतं तोवर त्याला काही अर्थ तरी होता. आता नुसती वर्षं उरली. छत्रीची मूठ धरणारी पोर, मांडवातली ती ओंजळ, सगळं उगाच.

दाराशी मालनबाई डबा घेऊन उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. त्या आत आल्या, डबा कपाटावर ठेवला आणि म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं, गोवर आहे म्हणून. मी आई होते त्याची. मला एकदा विचारायचं होतं की." मग त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या, परसूसाठी की नवऱ्यासाठी की स्वतःसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने उठून त्या बस धरून यशवंतपूरला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाई अहल्येला घेऊन आल्या. बरोबर लाल टोपीवालं पोर, आता तीन वर्षांचं. हंबीरराव डाव्या हातात कॉफीचा लोटा धरून बसले होते. उजव्या हाताला पट्टी होती. अहल्येने लोट्यावरची वाफ पाहिली आणि धावत येऊन तो काढून घेतला. तिचीच बोटं भाजली.

"अप्पा, पोळतंय. कळत नाही तुम्हाला?"

"स्वल्प ऊन आहे वाटतं," ते म्हणाले.

तिने त्यांचा हात उघडून पाहिला. बोटांची टोकं लालबुंद झाली होती. हंबीररावांनी सवयीने हात ओढून घेतला, आणि मग आठवून, हळूहळू, परत पुढे केला. अव्वाने तिला सगळं सांगितलं होतं, त्यांना पुन्हा सांगायला लावायचं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटायचं मी मुलगी म्हणून."

"नाही गं."

"मला सांगायचं होतं. मी तुमच्याजवळ आले असते. विष असतं तरी आले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," हंबीरराव म्हणाले.

अहल्येने तोंड फिरवून डोळे पुसले. मग बरोबर आणलेला डबा उघडला. दहीभात होता. तिने तो ताटलीत काढला, आणि मालनबाईंना वाटलं ती आता त्यांना भरवणार. तिने ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः खाटेवर त्यांच्यासमोर मांडी घालून बसली, लहानपणी जेवायला बसायची तशी.

"भरवा मला," ती म्हणाली.

हंबीररावांनी डावा हात उजेडात धरला. नखं पाहिली, एकेक करून पाचही. जखम झाल्यापासून दोन महिने कामाला हात लागला नव्हता, रोज दोनदा साध्या साबणाने धुतला जात होता. तरी त्यांनी परत एकदा पाहिलं. मग ताटलीत बोटं घातली. भात आहे की ताटलीचा तळ हे बोटांना कळत नव्हतं, ते डोळ्यांनी बघून कालवत होते. घास नीट वळेना, अर्धा सांडला. राहिलेला त्यांनी उचलला, हात तिच्या तोंडापर्यंत नेला, आणि अहल्येने तोंड उघडलं.

तिचे ओठ बोटांना लागले असणार. त्यांना काही समजलं नाही. घास गेला, एवढं त्यांनी तिच्या गळ्याकडे बघून ओळखलं, आणि खाली बघून ते दुसरा घास कालवू लागले.